सुरंगीचा वळेसर: पन्नास रुपये, सकाळी सातच्या आत

दुकानाला पाटी नाही. खरं म्हणजे दुकानच नाही. शिरोडा–वेंगुर्ला रस्त्यावर एका एसटी थांब्याच्या बाजूला चिऱ्याचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत आहे. त्या गडग्यावर सुरंगीच्या वळेसरांची, म्हणजे गजऱ्यांची एक टोपली, टोपलीवर ओला पंचा आणि शेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या काकी. एवढाच पसारा. फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तो मांडला जातो आणि शिमगा आटोपला की उचलला जातो. बाकी वर्षभर त्या गडग्यावर शाळेची पोरं एसटीची वाट बघत बसतात.

माझा भाचा म्हणतो, मावशी, हल्ली लोक पंक्चरवाल्यालासुद्धा तारे देतात, तू तुझ्या वळेसरवालीबद्दल का लिहीत नाहीस? म्हणून लिहितेय. पण थांबा नेमका कुठला ते सांगणार नाही. काकींनीच बजावलंय: "खंय ता लिवू नको गो. गाडयो इल्यो काय माझी रोजची गिऱ्हायका तशीच रवतली." रोजच्या गिऱ्हाइकांत मी येते, त्यामुळे हा नियम मला पूर्ण मान्य आहे. तुम्हाला शोधायचंच असेल तर फेब्रुवारीत त्या रस्त्याने सकाळी सातच्या सुमाराला काचा खाली करून जा. वास आला की थांबा. याहून चांगला पत्ता मलाही देता येणार नाही.

मी ओरोसला, सिंधुदुर्गाच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, नोकरी करते. सात-दहाची एसटी, वेंगुर्ल्याला गाडी बदलायची, मठ, पिंगुळी करत कुडाळ, तिथून पुन्हा ओरोस. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. उरलेल्या पैशांचं काय करतेस, असं नवऱ्याने एकदा विचारलं होतं. डोक्यात माळते, म्हटलं.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. वळेसर म्हणजे आमच्याकडे गजरा. अबोलीचा वळेसर असतो, बकुळीचा असतो, आम्ही बकुळीला ओवळं म्हणतो. पण फेब्रुवारीत कुणी नुसतं "वळेसर घेतलास?" असं विचारलं तर तो सुरंगीचाच. सुरंगी म्हणजे वेल नाही, कुंडीतलं झुडूपही नाही. चांगलं उंच, बारमाही हिरवं, काळपट जाड पानांचं झाड, खास पश्चिम घाटाच्या पट्ट्यातलं. शास्त्रातलं नाव मॅमिया सुरिगा. आमच्याकडच्या उंडीच्या झाडाच्याच कुळातलं, आणि कोकमाचंही लांबचं नातेवाईक. गंमत अशी की फुलं शेंड्याला येत नाहीत. जुन्या, पानं गळून गेलेल्या फांद्यांवर, जिथे काही उगवेल असं वाटतही नाही, तिथे कळ्यांचे घोस चिकटलेले असतात. लांबून बघितलं तर झाडाला खरूज झालीय असं वाटतं. जवळ गेलं की कळतं.

आता मालाबद्दल.

काकींकडे दोन मापं आहेत. लहान तीस रुपये, तो शाळेतल्या मुलींसाठी. मोठा पन्नास रुपये, वीतभर लांब आणि हाताच्या अंगठ्याएवढा जाड. कळ्या सुईने दोऱ्यात ओवलेल्या, इतक्या दाट की दोरा दिसत नाही. सकाळी सातला तुमच्या हातात येतो तो अगदी बंद असतो. पिवळसर हिरव्या गोल कळ्या, मिऱ्याहून मोठ्या, वाटाण्याहून जरा लहान. नवीन गिऱ्हाईक नेमकं इथेच फसतं. "फुललेला नाही का?" म्हणून विचारतं. काकी त्याला उत्तर देत नाहीत, पुढच्याकडे बघतात.

कारण सुरंगी फुलते ती डोक्यात. मठाच्या पुढे गाडी गेली की ऊन खिडकीतून मानेवर येतं आणि पहिली कळी उकलते. बाहेरची कवची दोन भागांत फुटते, आतून चार पांढऱ्या पाकळ्या मागे वळतात आणि मधे पिवळ्या केसरांचा दाट झुबका. कुडाळला उतरेपर्यंत अर्धा वळेसर उघडलेला असतो. ओरोसला कार्यालयाच्या पायऱ्या चढताना वरच्या मजल्यावरचा शिपाई "मॅडम आल्या" म्हणतो, मी अजून दिसलेलीही नसते. दुपारी डब्याच्या वेळेला पाकळ्या गळायला लागतात. संध्याकाळी परतताना वळेसर तपकिरी झालेला असतो, आणि वास मात्र सकाळपेक्षा जास्त. मोगऱ्याशी तुलना करणाऱ्यांना एवढंच सांगते की संध्याकाळचा मोगरा आणि संध्याकाळची सुरंगी शेजारी ठेवून वास घ्या, मग बोलू.

गेल्या वर्षी मोठा वळेसर चाळीसचा पन्नास झाला तेव्हा मी कुरकुरले होते. मोठ्याने नाही, पण काकींना ऐकू जाईल इतपत. "दहा रुपये एकदम?" त्या म्हणाल्या, "जास्ती वाटतत? मगे उद्या पाटे ये माझ्यावांगडा. झाड बघ, आणि मगे पैशे सांग." दुसऱ्या दिवशी शनिवार होता, सुट्टी. मी गेले. ही पाहणी माझ्या मते कुठल्याही ताऱ्यांपेक्षा महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहाटे पावणेपाच. फेब्रुवारीतली आमच्याकडची थंडी म्हणजे उरलीसुरली. दुपारी घामाच्या धारा आणि पहाटे गोधडी सोडवत नाही. अंगणात दव असं पडलेलं की माडाच्या झावळ्यांतून टपटप आवाज येत होता. घराच्या मागच्या बाजूला, पोफळीच्या बागेला लागून सुरंगीची तीन झाडं. काकींच्या सासऱ्यांच्या आधीपासूनची. झाडाखाली जुनी लुगडी अंथरलेली, चारी कोपऱ्यांवर दगड. बांबूची शिडी खोडाला लावलेली आणि काकींचा मुलगा डोक्याला बॅटरी बांधून वर.

मी विचारलं, आकडीने का नाही काढत? आंबे काढतो तसं. काकी म्हणाल्या, आकडी लावली की फांदी हलते, फांदी हलली की चांगल्या कळ्याही खाली आणि कोवळ्याही खाली. उद्याचा माल आज वाया. म्हणून हाताने. आणि प्रत्येक कळी नाही. त्याच घोसात आज उघडणारी, उद्या उघडणारी आणि चार दिवसांनी उघडणारी अशा तिन्ही असतात. आज उघडणारी कशी ओळखायची? मुलाने वरून दोन कळ्या टाकल्या. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. त्याने सांगितलं, एक दाबून बघा. तिची कवची जरा सैल होती, आत हवा असल्यासारखी. दुसरी खड्यासारखी. बॅटरीच्या उजेडात, दवाने ओल्या फांदीवर एका हाताने लटकून, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी तो हा फरक बघत होता. कमरेला पिशवी. खाली आम्ही दोघी शिडी धरून.

दीड तास. तेवढ्यात पिशवी निम्मी भरली. मला वाटलं होतं तीन झाडं म्हणजे टोपल्याच्या टोपल्या निघत असतील. त्या निम्म्या पिशवीतून मोठे पंधरा-सोळा वळेसर होतात आणि काही लहान.

साडेसहाला पूर्वेकडे उजाडलं तसा मुलगा भराभर उतरला. का ते थोड्या वेळाने कळलं. आधी एक, मग चार, मग अख्ख्या झाडाचाच आवाज व्हायला लागला, गिरणीचा लांबून येतो तसा. मधमाशा. ऊन फांदीवर पडलं की उरलेल्या कळ्या उघडतात आणि मग ते झाड माणसाचं राहत नाही. काकी म्हणाल्या, "आता तेंची पाळी." लुगड्यावर गळून पडलेल्या कळ्या आणि फुलं नंतर गोळा करतात, ती वाळवायची.

मग पडवीत ओवणं. काकी, त्यांची सून आणि शेजारची एक म्हातारी, तिघी सुया घेऊन. चहा आला. "चाय घी, मगे जा." मला एक सुई दिली. माझ्या सहा कळ्या ओवून होईपर्यंत म्हातारीचा अर्धा वळेसर झालेला. तिची नजर अधू आहे, ती कळ्या बोटांनीच चाचपते, आणि सैल कवचीची नसेल तर बाजूला टाकते. तिच्या बाजूला टाकलेल्या ढिगात माझ्या सहापैकी चार गेल्या.

मी पन्नास रुपये दिले. तेव्हापासून भावाबद्दल बोलले नाही.

इतर ठिकाणांशी तुलना न करता लिहिलं तर तुम्ही म्हणाल काकींनी पैसे दिले. वेंगुर्ल्याच्या बाजारात सुरंगी मिळते आणि चांगली मिळते, पण नऊ-साडेनऊला जाल तर वळेसर अर्धा उघडलेला असतो आणि वरून पाण्याचे शिंतोडे. देवाला घालायचा असेल तर घ्या, देव काही ओरोसला जात नाही. एकदा एका ठिकाणी मला आदल्या दिवशीच्या कळ्या मधेमधे ओवलेला वळेसर मिळाला होता. तो ओळखायचा तर देठ बघा: ताज्या कळीचा देठ हिरवा, शिळीचा काळा पडलेला. काकींचं वैशिष्ट्य हेच की नऊ वाजले की टोपलीत काही उरलं असेल तरी त्या विकत नाहीत. एकदा माझी गाडी चुकली म्हणून मी नंतरच्या गाडीला आले. दोन वळेसर शिल्लक होते, छान फुललेले. मागितले तर म्हणाल्या, "फुललेली मी ईकणंय नाय. ती वेतोबाक." आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड देतात, भल्यामोठ्या चपला देतात, आणि काकी त्याला माझा वळेसर देतात. मी हात जोडून पुढच्या गाडीत चढले.

आणि आता तक्रार, पण काकींची नाही. माझी बहीण डोंबिवलीला असते. तिने मागच्या फेब्रुवारीत एका घरपोच फुलं पाठवणाऱ्यांकडून "कोकणातली ताजी सुरंगी" मागवली. पैसे आमच्या सहा वळेसरांएवढे. तिसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या डबीत काळा लगदा आला. तक्रार केली तर त्यांनी लिहून पाठवलं की नैसर्गिक उत्पादनात रंगाचा फरक असू शकतो. रंगाचा! बहीण तो लगदा वासासाठी तरी म्हणून देवघरात ठेवायला गेली तर त्याला आंबलेल्या भाताचा वास.

यंदा मी स्वतः नेला. कृती साधी आहे, कुणाला उपयोगी पडली तर बघा. वळेसर सकाळचाच, अगदी बंद. केळीच्या पानात सैल गुंडाळायचा, प्लॅस्टिक नाही. ते पान ओल्या पण पिळून घेतलेल्या पंच्यात, आणि तो स्टीलच्या डब्यात, झाकण किंचित उघडं. दिवसभर घराच्या माजघरात, जिथे ऊन येत नाही तिथे. रात्री कुडाळला गाडीत बसले तेव्हा डबा मांडीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीला तिच्या स्वयंपाकघरात डबा उघडला तर कळ्या थोड्या मऊ झालेल्या, पण बंद. तिने माळला आणि साडेदहाला तो उघडायला लागला. बहीण गॅलरीत जाऊन उभी राहिली. बोलली काहीच नाही, फक्त शेजारणीला बोलावून तिच्याकडे पाठ करून उभी राहिली.

काकींकडे दुसरी वस्तू मिळते ती सुकवलेल्या कळ्या. मार्चच्या मध्यापासून. पाव किलोला दोनशे रुपये, वर्तमानपत्राच्या पुडीत. रंग तांबूस तपकिरी, वास ताज्यापेक्षा वेगळा, जरा मसालेदार, आणि टिकाऊ. माझ्या पैठणीच्या घडीत दोन वर्षांपूर्वीची पुरचुंडी आहे, कपाट उघडलं की अजून येतो. खोबरेल तेलात मूठभर टाकून आठवडाभर उन्हात ठेवलं तर तेलाला वास लागतो. काष्ठौषधीच्या दुकानात "लाल नागकेशर" म्हणून मागितलं तर ह्याच सुक्या कळ्या मिळतात. खरं नागकेशर म्हणजे नागचाफ्याचे केसर, ते झाडच निराळं. तेव्हा औषधासाठी वैद्यांनी नागकेशर सांगितलं असेल तर कुठलं ते विचारून घ्या, आणि वासासाठी हवं असेल तर मुकाट काकींकडे या. सुक्या मालाचं मोठं गिऱ्हाईक अत्तरवाल्यांकडे माल पोचवणारे व्यापारी. ते घाऊक नेतात आणि पाडून भाव देतात. म्हणून काकी थोड्या पुड्या गडग्यावर ठेवतात. पुडी घट्ट डब्यात ठेवा, पावसाळ्यात आमच्या हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.

उणिवा. त्या आहेतच. एक, डाग. सुरंगीच्या केसरांचा पिवळा रंग ब्लाऊजच्या पाठीवर उतरतो आणि सहज जात नाही. पूर्वी ह्या कळ्यांनी रेशीम रंगवायचे, मग माझा पांढरा ब्लाऊज काय चीज. फेब्रुवारीत मी गडद रंग घालते. दोन, मुंग्या. टोपलीत झटकून देतात तरी एखादी राहते आणि ती नेमकी जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत मानेवर चालते. तीन, वास सगळ्यांना सोसत नाही. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं डोकं चढतं, तो फेब्रुवारीत खिडकीकडे सरकतो. चार, काकींचा मूड. ढग आले, पहाटे धुकं पडलं, मुलगा झाडावर चढू शकला नाही, की टोपली नाही. त्या दिवशी विचारू नये. पाच, ऑनलाइन पैसे घेत नाहीत. सुनेच्या मोबाइलवर पैसे घ्यायचा तो कोडचा कागद चिकटवायचं चाललंय म्हणे, पण "तेतूर पैशे दिसनत नाय" म्हणून काकींनी अजून मान्य केलेलं नाही.

हंगामाबद्दल दोन शब्द, कारण लोक एप्रिलमध्ये येऊन विचारतात. थंडी सरता सरता आमच्याकडे सगळंच एकदम फुलायला घेतं. एसटीच्या खिडकीतून रोज दिसतं: एकही पान नसलेली शेवरी लालभडक, तिच्याकडे कावळे आणि साळुंक्या भांडत असतात. पांगारा पेटलेला. करवंदीच्या जाळ्यांवर पांढरी बारीक फुलं. काजूचा मोहोर आणि त्याचा तो गोडसर उग्र वास, संध्याकाळी जास्त. ह्या सगळ्यात आमच्या घरात फक्त एकच फूल मोजलं जातं, हापूसचा मोहोर. नवऱ्याची चाळीस कलमं आहेत आणि थोडे वेंगुर्ला-४ जातीचे काजू. फेब्रुवारीभर तो मोहोराखाली उभा राहून वर बघत असतो. तुडतुडे आहेत का, भुरी पडली का, दव जास्त झालं का, फळ धरलेल्या फांदीला पुन्हा मोहोर येतोय का. पुन्हा आलेला मोहोर बघून त्याचं तोंड उतरतं, कारण नवा मोहोर आला की आधीची बारीक कैरी गळते. अख्खं झाड फुललेलं आणि माणूस दुःखी, हे मी लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा बघितलं. सुरंगीचं तसं नाही. ती फवारणी मागत नाही, खत मागत नाही. मागते फक्त पहाटे चढणारा एक माणूस. आणि तोच मिळत नाही. काकींचा मुलगा आता गोव्यात कामाला जातो, हंगामापुरती रजा टाकून येतो. आमच्याच वाडीत एकाने कंपाऊंड बांधताना सुरंगी तोडली. त्याला विचारलं तर म्हणाला, चढणारं कोण नाही, नुसत्या माशा येतात.

तर, तारे. मालाला पाच. सेवेला तीन, कारण बोलणी खावी लागतात. सुट्या पैशांबाबत एक. भाच्याला एकूण आकडा हवा होता, मी साडेचार सांगितला.

काल सकाळी काकींना हे सगळं सांगितलं, की तुमच्याबद्दल लिहितेय, तारे देतेय. त्या कळ्यांवरचा पंचा सारखा करत होत्या. "तारे? तेचा काय करूचा?" मी म्हटलं, लोक वाचतात, मग विश्वासाने येतात. त्यांनी माझी शंभराची नोट उलटसुलट बघितली आणि परत माझ्या हातात ठेवली.

"ता र्‍हवांदे. उद्या सुटे घेवन ये."